दारातला ठिपका

माझं काम नेमकं काय, हे मी आईला कितीतरी वेळा समजावलं होतं. एका उन्हाळ्यात शेंगा फोडता फोडता तिनं स्वतःच त्याचा निकाल लावला. दुसऱ्यानं केलेल्या स्वयंपाकात मीठ बरोबर पडलंय का ते चाखून बघायचं, एवढंच ना, असं ती म्हणाली. मी हो म्हणाले. बाबा बाजेवर पडून ऐकत होते. लहानपणापासून हेच काम फुकट करत होती, आता पगारावर करते, असं ते छताकडं बघत बोलले.

त्यात खोटं काही नव्हतं. घरात नवीन भांडं आलं की मी आधी ते उलटं करून बूड बघते. कुणी एखादी गोष्ट फार छान झाली म्हणून सांगायला लागलं की माझ्या कपाळाला आठी पडते. सासरी यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. नोकरीत मात्र याच स्वभावावर निभावलं.

मी ज्या संस्थेत काम करते तिथं संगणकावर गावं उभी करतात. गाव म्हणजे पडद्यावरचा नकाशा आणि त्यावर माणसांचे ठिपके. प्रत्येक ठिपक्याला वय असतं, चालण्याचा वेग असतो, घर असतं आणि थोडे नियम असतात: काय ऐकलं की काय करायचं, कुणाच्या मागं जायचं, कुणासाठी थांबायचं. मग कळ दाबायची. सगळ्या गावाला मिळून कुणी काही सांगत नाही. जो तो ठिपका आपल्या नियमानं वागतो, आणि त्यातून कुठं गर्दी होते, कुठली वाट तुंबते, कोण मागं राहतं हे दिसायला लागतं. याला आम्ही मॉडेल म्हणतो. बांधणारे लोक वेगळे असतात. ज्या कामासाठी ते वापरायचं आहे त्या कामापुरता त्याच्यावर भरवसा ठेवता येईल का, हे मी तपासते आणि शेवटी तसं लिहून सही करते.

मागच्या वर्षी नदीकाठच्या काही गावांचं काम आलं आणि त्यात आमचं गाव निघालं. हे माझं माहेर आहे, दुसऱ्या कुणाला तपासायला द्या, असं मी साहेबांना सांगून बघितलं. ते म्हणाले, उलट बरं झालं, तुम्हाला गाव माहीत आहे. गाव माहीत असणं ही सोय आहे की अडचण, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही नक्की सांगता येणार नाही.

आमचं गाव परतूरच्या बाजूला, दुधनेच्या काठावर. वर धरण आहे. गावाचा मोठा भाग उंचावर आणि शाळा त्याहूनही उंच. खालची आळी मात्र नदीला लागून. त्या आळीतून शाळेकडं यायला एकच वाट, वाटेत ओढा आणि ओढ्यावर बुटका फरशी पूल. धरणातून जास्त पाणी सुटलं की नदी आधी ओढ्यात उलटी शिरते. म्हणजे घरात पाणी यायच्या आधीच पूल बुडतो आणि आळी अडकते. भोंगा वाजल्यापासून पूल बुडेपर्यंत जो काय वेळ मिळेल तेवढ्यात सगळ्यांनी पलीकडं यायचं. आई-बाबांचं घर खालच्या आळीत.

प्रश्न एवढाच होता की धरणाचं किती पाणी सोडायचं ठरलं की गावात भोंगा वाजवायचा. उशिरा वाजवला तर खालची आळी पाण्यात. फार लवकर वाजवला तर दर पावसाळ्यात चार वेळा वाजणार, पाणी काही येणार नाही, आणि मग 'लांडगा आला रे'ची गत. लोक कूस बदलून झोपतील. वरच्या अधिकाऱ्यांना या दुसऱ्याच गोष्टीची जास्त भीती होती आणि ती उगाच नव्हती. म्हणून मॉडेलला विचारायचं होतं की किती उशीर केला तर चालेल.

त्यासाठी गावात रंगीत तालीम झाली. कोरड्या दिवशी, भर दुपारी भोंगा वाजवला आणि लोक घरातून निघून शाळेत आले. कोण कधी निघालं, कुठून आलं, सगळं टिपून घेतलं. आईनं त्या दिवशी लग्नातली साडी नेसली होती, कारण साहेब लोक येणार होते. बाबांनी धुतलेली टोपी घातली होती. शाळेत पोहोचल्यावर चहा मिळाला. चहा फार गोड होता अशी बाबांची तक्रार होती, बाकी पूर चांगला झाला म्हणाले.

मॉडेल बांधणारा माझा सहकारी कष्टाळू आणि सरळ माणूस. त्यानं पडद्यावर दोन रेषा दाखवल्या, एक तालमीतल्या माणसांची आणि एक ठिपक्यांची. एकीवर दुसरी अशी बसली होती की वेगळी काढता येईना. मी सही केली नाही.

माझी पहिली हरकत त्याला लगेच पटली. चालण्याचा वेग, निघायला लागणारा वेळ हे सगळं त्यानं त्याच तालमीतून घेतलं होतं. ज्या पेपरवर शिकवणी घेतली तोच पेपर परीक्षेला दिला, तर पोरगं पास होणारच. त्यानं शेजारच्या गावाची तालीम घेऊन ताडून बघितलं. तिथंही रेषा जुळल्या. तरी माझा हात पुढं होईना. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. आपण एवढंच सिद्ध केलं आहे, मी त्याला म्हणाले, की कोरड्या दिवशी साहेबांसमोर माणसं शाळेपर्यंत नीट चालत येतात. पुढची तालीम कशी होईल हे सांगायचं असेल तर आत्ता सही करते. पुरासाठी नाही.

पुरात वेगळं काय होतं, असं त्यानं विचारलं. त्याच्या विचारण्यात कुरकुर नव्हती, त्याला खरंच हवं होतं. मला उत्तर माहीत होतं, पण त्या गार खोलीत, त्या आलेखांसमोर ते तोंडातून निघेना. आमच्या गावात नदी चढली की बायका तिच्याकडं पाठ करून पळत नाहीत. त्या आधी तिच्याकडं जातात, तिची ओटी भरायला.

मी लहानपणी ते ताट धरलं आहे. खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी. पाणी चढतंय अशी हाक आळीत फिरली की आई चुलीवरचं खाली उतरवायची, हात धुवायची आणि कपाळाला नव्यानं कुंकू लावायची. प्रत्येक घरातून एक सवाष्ण निघायची. उतरणीवर सगळ्या एकत्र व्हायच्या आणि पाण्याला लागून असलेल्या शेवटच्या दगडापर्यंत जायच्या. गढूळ पाणी समोर गरगरत असायचं आणि या बायका हळद-कुंकू वाहून, खण सोडून, हात जोडून तिला माघारी जा म्हणायच्या. तेवढ्या वेळात पुरुष जनावरं सोडायचे. बाबा बैल सोडून मोकळे करायचे आणि दारात येऊन उभे राहायचे. त्यांचा या प्रकारावर बिलकुल विश्वास नव्हता. तिला ओटी नको, तिला आपलं घर पाहिजे, असं पुटपुटायचे. पण आई परत येईपर्यंत उंबरा सोडायचे नाहीत. ती आली की मग दोघं मिळून निघायचे. आमच्याकडं घरातलं माणूस पाण्यावर गेलं असताना दार रिकामं टाकून कुणी पुढं जात नाही.

उन्हाळ्यात मी चार दिवस रजा टाकून गावी गेले आणि आळीतल्या बायकांना एकेकीला गाठून विचारलं. 'भोंगा वाजल्यावर काय कराल' असं तालमीच्या वेळी आलेल्या सर्वेक्षणवाल्यांनी विचारलं होतं आणि सगळ्यांनी 'निघू' असं सांगितलं होतं. मी तसं विचारलं नाही. मागं मोठा पूर आल्ता तेव्हा आधी काय केलंत, असं विचारलं. सगळ्यांनी ओटीपासूनच सुरुवात केली. हे त्या लोकांना का नाही सांगितलं म्हटल्यावर त्या माझ्याकडंच वेड्यासारखं बघायला लागल्या. शेजारच्या काकूंनी मला समजावून सांगितलं.

"लेक दारात आली तर रित्या ओटीनं माघारी लावतो का आपण? हीबी बाईच हाय. ओटी भरली की जाती माघारी. न्हाई गेली तर मंग पळायचं."

त्यांना मी काय सांगणार. मी तेच ताट धरून वाढले होते.

त्या जुन्या पुरात कोण कुठं अडकलं हेही विचारून घेतलं. पारावरच्या म्हाताऱ्यांना वेगळं विचारलं, बायकांना वेगळं, म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्यानं सांगायला नको. संगणक कुणाला दाखवला नाही. माणसाला पडदा दाखवला की त्याची आठवण पडद्यासारखी होते. आळीच्या टोकाची घरं पुलाअलीकडं राहिली होती आणि माणसांना दोर लावून काढावं लागलं होतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मग सहकाऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. आम्ही मिळून नवे नियम बसवले. घरातली कर्ती बाई आधी नदीवर जाणार, पुरुष जनावरं सोडणार, एक माणूस दारात थांबणार, बाई आली की सगळे एकत्र निघणार. हे मी आई-बाबांकडं बघून लिहिलं. आईची उतरणीवरची चाल, बाबांचं दारातलं थांबणं, सगळं. मग जुन्या पुराचं पाणी घालून दोन्ही मॉडेलं चालवली. जुन्या मॉडेलात सगळे ठिपके सुखरूप शाळेत पोहोचले. नव्यात आळीच्या टोकाचे ठिपके पुलाअलीकडं अडकले. तेच टोक, जिथं दोर लावावा लागला होता. ते बघताना मला पडताळणी जमल्याचा आनंद व्हायला हवा होता. मी आधी नकाशावर आमचं घर शोधलं, कारण त्या टोकापासून ते लांब नाही.

बैठकीत एका अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. अंधश्रद्धा मॉडेलमध्ये कशाला घालायची, त्यापेक्षा बायकांना सांगू की नदीवर जाऊ नका. मी म्हणाले, जरूर सांगा. त्या जायच्या बंद झाल्या की आम्ही तो नियम काढून टाकू. तोवर पाणी जे येईल ते आज जशा आहेत तशा बायकांवर येईल. माझा आवाज जरा चढला होता, हे नंतर सहकाऱ्यानं सांगितलं. पण आमच्या गावाचा भोंगा अलीकडं आणायचं ठरलं. किती अलीकडं, तर बायकांनी नदीवर जाऊन यावं आणि तरी पूल ओलांडता यावा इतकं. त्या मॉडेलवर मी सही केली.

आषाढात बाबा गेले.

फार आजारी नव्हते. छातीत दुखतंय म्हणाले, परतूरला नेलं, तिथून पुढं न्यायचं ठरेपर्यंत संपलं. मी पोहोचले तेव्हा ते बाजेवर नेहमीसारखे पडले होते, फक्त टोपी नव्हती. दिवसकार्य होईपर्यंत राहिले. माझ्यासोबत शहरात चल म्हणून आईला खूप विनवलं. घर कुणावर टाकू, म्हैस कुणावर टाकू, असं तिचं पालुपद. मी एकुलती एक, दुसरं कुणी समजावणारंही नव्हतं. शेवटी मी एकटीच परत आले आणि कामाला लागले. मोबाइलमधला बाबांचा नंबर तसाच ठेवला. मॉडेलमधलं गावही तसंच होतं, उन्हाळ्यात मोजलेलं. एका माणसासाठी कुणी पुन्हा घरं मोजत नाही, आणि माझ्या मनात तर ते आलंच नाही.

गणपती गेले तरी पाऊस जाईना. भादव्याच्या शेवटी दोन दिवस असा लागला की धरणातून पाणी सोडल्याशिवाय इलाज राहिला नाही. सकाळी ऑफिसला निघताना कळलं की आमच्या गावात भोंगा वाजला. आईला फोन लावला, लागला नाही. काकूंना लावला, नाही. मी ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसले. आदल्या संध्याकाळी आम्ही त्या पावसाचे आकडे घालून मॉडेल चालवून ठेवलं होतं, म्हणजे नंतर कुणी उत्तर बघून गणित केलं असं व्हायला नको. त्या ठिपक्यांनुसार सगळे वाचणार होते. मीच सही केलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचं जीवावर आलं होतं. देवाचं नाव घेत बसले, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या प्रहरी काकूंचा फोन आला. पूल बुडाला, आळीत पाणी शिरलं, पण माणूस एकही मागं राहिलं नाही. आई शाळेत आहे, तिला जरा थंडी वाजून आली आहे. मी व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघोत.

पाणी ओसरल्याबरोबर आमच्या लोकांनी दोनच दिवसांत घरोघर जाऊन कोण कधी निघालं ते विचारून आणलं. मी त्या फेरीत गेले नाही. माहेरच्या माणसांनी मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगितलं असतं. आता पहिल्यांदाच आमच्याकडं खरा पूर होता, तालीम नव्हती. सहकाऱ्यानं ताडून बघितलं. रेषा तालमीइतक्या चिकटून बसल्या नाहीत, पण बसल्या. बायकांचं नदीवर जाणं, घरांचं थांबणं, मग एकदम पुलावर झालेली गर्दी, सगळं त्याच क्रमानं झालं होतं. त्याचा चेहरा फुलला होता. मलाही बरं वाटलं. नुसता आकडा जुळणं मला कधीच पुरत नाही. माणसं ज्या कारणानं उशीर करतात त्याच कारणानं ठिपक्यांनी करावा लागतो.

मग आम्ही खालची आळी घरनिहाय बघायला घेतली. एका घरापाशी तो थांबला. इथं फरक आहे, म्हणाला. मॉडेलमधली बाई नदीवर जाऊन येते आणि पहिल्या घोळक्यात शाळेत पोहोचते. प्रत्यक्षात या घरातली बाई नदीवर गेलीच नाही. तरी सगळ्यात शेवटी निघाली. पुलावरून पाणी वाहायला लागलं होतं, शेजाऱ्यानं दंड धरून पलीकडं काढलं. पण एका घराचं काही नाही मॅडम, तो म्हणाला, एवढं इकडंतिकडं होणारच. अगदी बरोबर होतं त्याचं. एका ठिपक्यानं मॉडेल खोटं पडत नाही. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर मीही हेच म्हणाले असते. ते घर कुणाचं होतं हे त्याला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी गावी गेले. आई ओसरीवर गाळ काढत बसली होती. भिजलेली ज्वारी अंगणात पसरली होती आणि तिला वास यायला लागला होता. मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिच्यावर घसरले. सगळी आळी निघून गेली तरी तू काय करत होतीस, पूल बुडायची वाट बघत होतीस का, दंड धरून काढायला लागलं म्हणे, शेजारचे नसते तर काय झालं असतं. एवढ्यासाठी मी तिथं साहेबांशी भांडले का. इतक्या वर्षांत ओटीला सगळ्यात पुढं असायचीस, आणि नेमकं याच वेळी नदीवरही गेली नाहीस आणि शाळेतही नाही.

तिनं मला बोलू दिलं. मग फावडं बाजूला ठेवलं.

"मी कशी जाऊ ओटी भरायला?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आज म्हशीनं दूध दिलं नाही, असं सांगावं तसं सांगितलं. मी तिच्या कपाळाकडं बघितलं. आषाढापासून बघत होते आणि बघितलं नव्हतं. तिथं कुंकू नव्हतं.

मला राग आला. तिचा नाही, पण काढायला समोर तीच होती. कुणी अडवलं तुला, विचारलं. हल्ली असलं काही पाळायचं नाही म्हणून ग्रामपंचायतीनं ठराव केला आहे. कोण म्हणालं येऊ नको, मला नाव सांग. आई म्हणाली कुणीच नाही. उलट काकू बोलवायला दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, चला म्हणून हात धरत होत्या. आईनं आपल्या घरचं भरलेलं ताट त्यांच्या हातात दिलं. माझ्याकडून तुम्हीच भरा म्हणाली.

"मीच न्हाई गेले. मन झालं न्हाई."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. ठराव तिच्या बाजूनं होता, बायका तिच्या बाजूनं होत्या, मी होते. जायचं नव्हतं तिला. मी म्हणाले, बरं, नाही गेलीस तर नाही, मग तशीच शाळेकडं निघायचं होतंस. उलट सगळ्यांच्या आधी पोहोचली असतीस.

"बायका गेल्त्या ना पाण्यावर," ती म्हणाली. "माझं ताट गेल्तं. त्या येईस्तोवर दार सोडून कशी जाऊ? तुझे बाबा न्हाई का थांबायचे."

आळीतल्या सगळ्या बायका परत आल्या, आपापल्या घरात शिरल्या, घरच्यांना घेऊन निघाल्या. काकू सगळ्यात शेवटी रिकामं ताट द्यायला आल्या. ते घेऊन, धुऊन, फळीवर ठेवून मग आई निघाली. ताट धुतलं हे सांगताना ती जराशी ओशाळली.

चहा झाल्यावर तिनं विचारलं की तिच्यामुळं माझं काही चुकलं का. शाळेत कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुमच्या लेकीनं भोंग्याचं गणित केलं म्हणून आळी वाचली. मी म्हणाले नाही, तुझ्या एकटीनं काही बिघडत नाही. ते तिला खरं वाटलं नाही. मला दाखव म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिला माझं काम कधी दाखवलं नव्हतं.

लॅपटॉप काढून बाजेवर ठेवला. ही नदी, हा ओढा, हा पूल, ही शाळा. हे आपलं घर. तिनं पदरानं हात पुसले आणि वाकून बघितलं. आमच्या घरावर दोन ठिपके होते. मी कळ दाबली. भोंगा वाजल्याची खूण झाली आणि आळीतल्या घराघरांतून एकेक ठिपका निघून उतरणीला लागला. आमच्या घरातलाही एक निघाला.

"ही मी?"

हो म्हणाले.

"लई जल्दी चालून राह्यले," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. मग तिचं बोट घराकडं गेलं. "आन् हे दारात कोण?"

 तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पडद्याकडंच बघत राहिली. बाबा, मी म्हणाले.

तो ठिपका हलत नव्हता. त्याचा नियमच तसा होता. बाकीच्या घरांत गडबड चालली होती, जनावरं सुटली होती, पाणी ओढ्यात शिरायला लागलं होतं आणि तो उंबऱ्यावर होता तिथं होता. नदीवरचे ठिपके माघारी फिरले, आळीत पांगले. त्यातला एक आमच्या दाराशी आला. मग दोघं मिळून निघाले, पूल ओलांडला आणि शाळेत जाऊन थांबले.

 मग आई म्हणाली की मी केलं आहे ते बराबर आहे, पण ते आषाढाच्या आधीचं आहे. आता ती नदीवर जाणारी नाही, आता ती दारातली आहे. दुरुस्त करून टाक, असं तिनं सांगितलं. भाजीत मीठ कमी आहे हे ती ज्या सुरात सांगते त्याच सुरात. दुरुस्त करायचं म्हणजे काय करायचं हे मला माहीत होतं. एक ठिपका पुसायचा आणि दुसरा त्याच्या जागी उभा करायचा. दोन ओळींचं काम. मी लॅपटॉप मिटायला हात पुढं केला.

तिनं माझा हात धरला.

"करशील उद्या," ती म्हणाली. "आधी आजून एकदा लाव."

मी पुन्हा कळ दाबली. बाबा दारात उभे होते. आई नदीवरून परत येईपर्यंत आम्ही दोघी त्यांच्याकडं बघत राहिलो.